सीमाभागातला पहिला संगणक कुठे शोधायचा?

जुलै 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला एक नवे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. राणी चन्नम्मांच्या 1824 च्या लढ्यामुळे कित्तूरचे नाव सर्वांना ठाऊक आहे; या एक्स्चेंजची आठवण मात्र फार थोड्यांना असेल. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने भारतीय खेड्यांसाठी 128 जोडण्यांचे स्वयंचलित डिजिटल एक्स्चेंज तयार केले होते आणि त्याची पहिली प्रत्यक्ष उभारणी कित्तूरला झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेल्या म. वि. पिटके यांच्यासारख्या अभियंत्यांचाही त्यात मोठा वाटा होता. या यंत्राला वातानुकूलित खोली लागत नसे. साध्या खोलीतल्या उन्हाळ्यात आणि धुळीत ते चालावे, अशीच त्याची रचना होती. त्याच्या आत मायक्रोप्रोसेसर होता, स्मृती होती, त्या स्मृतीत लिहून ठेवलेला कार्यक्रम होता. ज्या तीन गोष्टींमुळे एखाद्या यंत्राला संगणक म्हणतात त्या तिन्ही त्यात होत्या. पडदा आणि कळफलक घेऊन ते टेबलावर बसलेले नव्हते, म्हणून त्याला कोणी संगणक म्हटले नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या सुरुवातीच्या छोट्या संगणकांचा इतिहास लिहायचा असेल तर आरंभ इथून करावा, असे मला वाटते. या भागात छोटा संगणक दुसऱ्या कुठल्या तरी नावाने आला आणि हौशी माणसाने त्याला त्या दुसऱ्या नावाखालीच गाठले. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर आपण चुकीच्या जागी शोधू आणि काही सापडले नाही म्हणून इतिहासच नव्हता असा निष्कर्ष काढू.

हौशी संगणकाची जगभर सांगितली जाणारी कहाणी ठरलेली आहे. जानेवारी 1975 च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीने त्याचे सुटे भाग 397 डॉलरला देऊ केले. 5 मार्च 1975 रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली आणि त्याच मंडळींतून पुढच्या वर्षी अॅपल-1 निघाला. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 1980 मध्ये झेडएक्स 80 शंभर पौंडांच्या आत आणला आणि 1982 मध्ये स्पेक्ट्रम 125 पौंडांपासून विकायला काढला. या कहाणीत हौशी माणूस म्हणजे स्वतःच्या पैशाने यंत्र घेणारा, ते स्वतः जोडणारा आणि ते घरी ठेवणारा. ही व्याख्या सीमाभागाला लावली तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. 1975 मध्ये डॉलर सुमारे आठ रुपयांना होता. म्हणजे अल्टेअरची नुसती मूळ किंमतच तीन हजारांच्या वर जाते, आणि ती रक्कम तेव्हाच्या साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार होती. त्यावर जबर आयात शुल्क, परकीय चलनावरची बंधने आणि परवान्यांची रांग. बेळगावातल्या बुद्धिमान मुलाच्या आणि अल्टेअरच्या मध्ये काय उभे होते, ते या हिशोबातच दिसते. पण यंत्र विकत घेता आले नाही याचा अर्थ ओढ नव्हती असा होत नाही. म्हणून व्याख्या मालकीवर न बेतता वर्तनावर बेतावी लागते. नेमून दिलेले काम संपल्यावरही जो यंत्रापाशी थांबतो, त्याच्या आत काय चालले आहे ते स्वतःच्या समाधानासाठी समजून घेतो, आणि यंत्र बनवणाऱ्याच्या मनातही नसलेले काम त्याच्याकडून करवून घेतो, तो हौशी. यंत्र कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

देशाच्या धोरणाने हा माणूस कुठे थांबेल ते बऱ्याच अंशी ठरवून टाकले होते. 1978 मध्ये आयबीएमने भारतातला व्यवसाय आवरला. त्याच सुमारास एचसीएल, डीसीएम अशा देशी कंपन्या मायक्रोप्रोसेसरवर आधारलेली यंत्रे बनवू लागल्या, पण त्यांचे ग्राहक कारखाने, बँका आणि सरकारी खाती हेच होते. नोव्हेंबर 1984 च्या नव्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादन दोन्ही सैल केले. शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प त्याच वर्षी सुरू झाला. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र देण्याची ती योजना होती. घरगुती म्हणावे असे यंत्र मराठी माणसाच्या अगदी जवळ तयार झाले ते पुण्यात. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवान्याखालची भारतीय आवृत्ती डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने बाजारात आणली. पडद्याऐवजी घरचा टीव्ही, तबकडीऐवजी घरचा टेपरेकॉर्डर आणि अंगभूत बेसिक भाषा, एवढ्यावर ते चालत असे. त्यामुळे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही ते अगदी परके वाटण्याचे कारण नव्हते. पुणे-बंगळूर रस्ता कोल्हापूर ओलांडून निपाणीत शिरतो, तिथून संकेश्वरमार्गे बेळगावला आणि पुढे कित्तूरवरून धारवाडला जातो. सुटे भाग, मासिके, पुस्तके आणि शिकलेली माणसे याच रस्त्याने ये-जा करत. सीमाभाग दोन राजधान्यांपासून दूर असला तरी दोन इलेक्ट्रॉनिक्स-शहरांच्या मधोमध होता. त्याच्या तांत्रिक इतिहासात ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

आता प्रत्यक्ष बेळगावकडे वळू. इथे पहिले नाव अभ्यासक्रमाचे. 1979 या एकाच वर्षी शहरात दोन अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली: कर्नाटक लॉ सोसायटीचे, पुढे गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून नावारूपाला आलेले, आणि केएलई संस्थेचे. ऐंशीच्या दशकात देशभरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत इंटेलच्या 8085 या मायक्रोप्रोसेसरवरचे ट्रेनर किट हे नेहमीचे साधन झाले. रमेश गावकर यांचे 8085 वरचे पाठ्यपुस्तक 1984 मध्ये निघाले आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्यांनी ते वापरले. हे किट नीट पाहिले की अल्टेअरशी असलेले त्याचे नाते कळते. एक उघडी पाटी, तिच्यावर मोजक्या चिपा, सोळा अंकी पद्धतीच्या कळा आणि सहा लाल आकडे दाखवणारी छोटी खिडकी. अक्षरे दिसत नाहीत, भाषा नाही, कार्यक्रम साठवण्याची सोय बहुधा नाही. ए या कप्प्यात पाच ही संख्या भरून थांबायचे, एवढ्या कामासाठी विद्यार्थ्याने वहीत आज्ञा लिहायची, कोष्टकात तिचा संकेत शोधायचा आणि 3ई, 05, 76 असे तीन आकडे एकामागून एक दाबायचे. वीज गेली की सगळे पुसले, पुन्हा पहिल्यापासून. अल्टेअरच्या मालकाने 1975 मध्ये समोरच्या खटक्यांनी जे केले तेच हे काम. फरक एवढाच की तिथे यंत्र स्वतःच्या टेबलावर होते आणि इथे प्रॅक्टिकलची वेळ संपली की ते कपाटात जात असे. यंत्राच्या तळापर्यंत नेणारे हे शिक्षण हौशी संगणकयुगाचा गाभा होते, आणि ते अभ्यासक्रमाच्या नावाखाली इथे आले. त्याचे पुरावेही अभ्यासक्रमाच्या नावाखालीच पडून आहेत: विद्यार्थ्यांची जर्नले, प्रकल्पांचे अहवाल, प्रश्नपत्रिका, प्रयोगशाळेचे डेडस्टॉक रजिस्टर. रहदारीचे दिवे, पाण्याच्या टाकीची पातळी, उसाच्या वजनकाट्याची जोडणी असे विषय घेऊन लिहिलेले जुने प्रकल्प-अहवाल परीक्षेची पूर्तता म्हणून बांधले गेले आणि विसरले गेले. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र छोट्या गावातल्या माणसाला संगणकाकडून काय हवे होते, हे सांगणारी ती थेट साधने आहेत.

दुसरे नाव बँकेचे. 1983 मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला आणि पुढच्या वर्षी सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिन नावाची मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रे बसू लागली. संगणक हा शब्द तेव्हा नोकऱ्या जाण्याच्या भीतीशी जोडलेला होता. आयुर्विमा आणि बँक क्षेत्रांतल्या संघटनांनी त्याला केलेला विरोध हा भारतीय कामगार चळवळीतला एक ठळक अध्याय आहे, आणि खातेवहीच्या नावाने आलेले हे यंत्र त्या विरोधाशी झालेल्या तडजोडीचे फळ होते. निपाणीसारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तंबाखू आणि विडी यांवर जगणारे हे गाव 1981 च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने आणि विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेने देशाला ठाऊक झाले. हजारो स्त्रियांच्या मजुरीचा, कपातीचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशोब कोणाच्या हाताने, कोणत्या वहीत होतो, हा तिथे हक्काचा प्रश्न होता. वहीतून यंत्रात गेलेल्या हिशोबाने कामगाराचे भले झाले की अडचण, हे विचारल्याशिवाय या भागातला संगणकाचा इतिहास पुरा होणार नाही. यंत्र आवडीने शिकणारा कारकून आणि त्याच यंत्राला धास्तावलेला कारकून पुष्कळदा एकाच शाखेत शेजारी बसत होते. दोघांचेही म्हणणे नोंदवायला हवे.

तिसरे नाव लिपीचे, आणि माझ्या मते सीमाभागाचा सर्वांत मोलाचा अध्याय हाच आहे. कॅलिफोर्नियातल्या हौशी माणसाला न पडलेला प्रश्न इथल्या माणसाला पहिल्याच दिवशी पडतो: हे यंत्र माझी अक्षरे लिहील का, आणि लिहिलीच तर मराठी लिहील की कन्नड? कानपूरच्या आयआयटीने 1983 मध्ये देवनागरीत काम करणारा संगणक दाखवला. त्या कामातून पुढे आलेले मोहन तांबे यांनी जिस्ट हे तंत्र विकसित केले आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले. साध्या पीसीत जिस्टचे कार्ड बसवले की तोच पीसी भारतीय लिप्यांत लिहू लागे. त्यामागची कल्पना मोठी आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचे आकार वेगळे असले तरी वर्णमालेची मांडणी एकच आहे. म्हणून संकेत वर्णाला द्यायचा, आकाराला नव्हे. क ची कळ एकच, पडद्यावर देवनागरी उमटवायची की कन्नड हे नंतर ठरवायचे. याच विचारावर इस्की ही संकेतप्रणाली उभी राहिली आणि 1991 मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनेही भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या धर्तीवर केली. त्यामुळे आजही युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांना 128 जागांचे एकेक स्वतंत्र घर आहे आणि दोन्ही घरांत क ची जागा पहिल्यापासून मोजली तर बाविसावीच आहे. ज्या प्रदेशात फलकावर कोणती लिपी वर असावी यावरून माणसे रस्त्यावर उतरली, त्या प्रदेशासाठी ही तांत्रिक बाब फार बोलकी आहे. दोन्ही भाषांत पावती छापणारे सहकारी कार्यालय, दोन्ही भाषांत लग्नपत्रिका छापणारा छापखाना, दोन्ही भाषांत अर्ज टंकणारा कोर्टाबाहेरचा टंकलेखक, अशा माणसांसाठी या संकेतप्रणालीचे महत्त्व पुण्यातल्या किंवा बंगळूरमधल्या वापरणाऱ्यापेक्षा अधिक होते.

पण इथेच साधनांचा मोठा नाशही झाला आहे. बेळगावची मराठी मुद्रणपरंपरा जुनी. बाबूराव ठाकूर यांनी 1919 मध्ये सुरू केलेला तरुण भारत हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. खिळे जुळवण्याचे काम संपून डीटीपी आले तेव्हा देशभरच्या मराठी छापखान्यांनी इस्की किंवा युनिकोड स्वीकारले नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारखी पॅकेजे घेतली गेली, कारण त्यांची अक्षरे सुंदर छापून येत. या फॉन्टांत संकेत आकाराला दिलेले असत: काना वेगळा, वेलांटीचा तुकडा वेगळा, अर्धा वर्ण वेगळा, आणि दर कंपनीचा तक्ता निराळा. तो फॉन्ट नसलेल्या आजच्या यंत्रावर ती फाइल उघडली तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन ढीग दिसतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले स्मरणिकांचे, संस्थांच्या अहवालांचे, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या निमंत्रणांचे मूळ मजकूर अशा फाइलींत अडकलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद आज वाचणारे सापडतात, तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचणारे सापडत नाहीत. फॉन्टचे तक्ते गोळा करून त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने बनवणे हे म्हणूनच इतिहासकाराचे काम आहे. ते केवळ तंत्रज्ञाचे समजून सोडून देता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की टेलिफोन एक्स्चेंज, बँकेचे यंत्र, महाविद्यालयाचे किट आणि छापखान्याचा पीसी यांना हौशी संगणक म्हणणे हा शब्दाचा ओढाताणीचा वापर आहे. ही सगळी संस्थांची यंत्रे. आक्षेप गंभीर आहे आणि काही अंशी खराही आहे. कित्तूरचे एक्स्चेंज कोणी हौसेने बांधले नाही. पण संस्थेचे यंत्र आणि व्यक्तीची हौस यांच्यातली रेघ आपल्याकडे कधीच पक्की नव्हती, आणि याचा पुरावा बेळगावनेच दिलेला आहे. गुर्लहोसूरला 1869 मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये चित्रकलेचे शिक्षक होते. 1888 मध्ये बेळगावात सुरू झालेले त्यांचे दुकान सायकलींचे होते. परदेशी बनावटीची यंत्रे विकणे, दुरुस्त करणे, ती उघडून समजून घेणे, यातून कडबा कापण्याचे यंत्र आले, 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल त्यांनी शोधली नव्हती. तरी भारतीय उद्योगाचा इतिहास त्या दुकानाला वगळून कोणी लिहीत नाही. विक्री, दुरुस्ती आणि जुळवणी यांतून निर्मितीकडे जाणारी ही वाट संगणकाच्या बाबतीतही तपासायला हवी. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रशाळांत नियंत्रक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, आयटीआयतून रेडिओ-टीव्हीचे काम शिकून पीसीच्या पाट्यांकडे वळलेला कारागीर, ही या इतिहासाची पात्रे आहेत. किर्लोस्करांची गोष्ट आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे याचे एक कारण म्हणजे 1920 पासून त्यांनी स्वतःचे मासिक चालवले आणि घराण्यातल्यांनी लिहिले. संगणकाच्या कारागिरांपाशी मासिक नव्हते. लिहिले गेले नाही, म्हणजे घडले नाही, असे मानण्याची चूक टाळायची तर ती साधने आपणच जमवली पाहिजेत.

दुसरा आक्षेप: भारतीय संगणकाचा इतिहास पुणे-बंगळूर-दिल्लीत घडला, तो लिहिला जात आहे, मग या कोपऱ्याची वेगळी गरज काय? बंगळूरच्या इतिहासा या प्रकल्पाने भारतीय आयटीतल्या अग्रणींच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. अमेरिकेत मिनेसोटाच्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटने कितीतरी दशके मौखिक इतिहास जमवला आहे. हे काम थोर आहे आणि त्याच्याशिवाय आपले पाऊलही पुढे पडणार नाही. पण अशा संग्रहांत बोलतात ते संस्थापक, संचालक, धोरणकर्ते. त्यांच्या साक्षीतून यंत्र का आणि कसे बनले ते कळते. पोहोचल्यानंतर काय झाले ते कळत नाही. वीज सतत जाणाऱ्या गावात ते कसे चालले, बिघडल्यावर भाग कुठून आला, इंग्रजी पुस्तिका कोणी कोणाला कोणत्या भाषेत समजावली, मुली त्या प्रयोगशाळेत किती होत्या आणि त्यांना यंत्रापाशी किती वेळ मिळाला, या प्रश्नांची उत्तरे गावातच आहेत. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या इतिहासाइतकाच वापराचाही असतो, आणि वापराचा इतिहास राजधानीत बसून लिहिता येत नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर किती विसंबायचे? ज्याला त्याला आपणच पहिले होतो असे वाटते, सालांची सरमिसळ होते. हे मान्य करूनच पद्धत ठरवावी लागेल, आणि सुदैवाने संगणक हे स्वतःची तारीख अंगावर वागवणारे यंत्र आहे. बहुतेक चिपांच्या पाठीवर चार आकडी खूण असते. 8423 असे असेल तर 1984 सालचा तेविसावा आठवडा. एका पाटीवरच्या सगळ्या चिपांच्या खुणा वाचल्या तर त्यांतली सर्वांत अलीकडची खूण सांगते की यंत्र याच्या आधीचे असू शकत नाही. आणि एखादीच चिप बाकीच्यांहून खूप नवी निघाली तर ती दुरुस्तीची खूण ठरते. यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीत बहुधा आवृत्ती आणि साल लिहिलेले असते. याच्या जोडीला डेडस्टॉक रजिस्टरमधली खरेदीची नोंद, विक्रेत्याचे बिल, जकातीची पावती, स्थानिक वर्तमानपत्रातली संगणकवर्गांची जाहिरात, जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवायची आणि मग आठवण पडताळायची. आठवण कालक्रमासाठी कच्ची असली तरी कामाच्या पद्धतीसाठी पक्की असते: कोणती कळ अडकत असे, कोणता भाग तापत असे, हे हाताने काम केलेला माणूस विसरत नाही. मराठी इतिहासलेखनाला ही रीत नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने प्रसिद्ध केली, ती वाड्यांतली, माळ्यांवरची, रद्दीत निघालेली दप्तरे गावोगाव फिरून मिळवून. जमाखर्चाचा साधा कागदही राजकारणाच्या पत्राइतका बोलू शकतो, हे त्यांनी दाखवले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते अशाच साधनांच्या जपणुकीसाठी. प्रयोगशाळेचे रजिस्टर आणि जळलेली पाटी ही आपल्या काळाची दप्तरे आहेत. त्यांना तोच न्याय लावायला हवा.

मात्र ही दप्तरे कागदापेक्षा लवकर मरतात. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर बेळगावच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरतो. पाठीवर काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपांतली स्मृती वर्षानुवर्षांनी झिरपत जाते आणि खिडकीवरचा कागद निघाला तर उन्हातल्या अतिनील किरणांनी अधिक लवकर पुसली जाते. जुन्या पाट्यांवरच्या छोट्या बॅटऱ्या गळून तांब्याच्या वाटा खातात. टेपवरचे कार्यक्रम हे प्रत्यक्षात आवाज असतात, त्यामुळे साध्या ध्वनिमुद्रणाने ते वाचवता येतात, पण त्यासाठी टेप आधी सापडायला हवी. त्यातच 2012 पासून ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत. पर्यावरणासाठी ते आवश्यकच आहेत. मात्र निर्लेखनाचा शेरा पडला की महाविद्यालयातून जुनी यंत्रे अधिकृतपणे मोडीत जातात, आणि त्या यादीत इतिहासाचा रकाना नसतो. पाटी मोडीत जाण्यापूर्वी तिचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र, खुणांची नोंद आणि स्मृतीची प्रत एवढे केले तरी तिच्यातले बरेचसे ज्ञान वाचते. यंत्र सांभाळायला जागा लागते, त्याचे वर्णन सांभाळायला फार लागत नाही.

या कामाला सीमेची एक अडचण आहे आणि तिच्यातच त्याचे मोल आहे. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेने हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादाची कागदपत्रे दोन्ही राज्यांनी काळजीपूर्वक जपली. याच प्रदेशाच्या कामकाजाची, कौशल्यांची आणि यंत्रांची कागदपत्रे मात्र दोन्हीकडे विखुरली. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले आहे. खुद्द निपाणीतले केएलईचे बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकातल्या विद्यापीठाखाली. पायी जाण्याच्या अंतरात दोन अभ्यासक्रम, दोन परीक्षा मंडळे, दोन सरकारी योजनांचे मार्ग. कर्नाटकात केऑनिक्सची संगणक प्रशिक्षण केंद्रे निघाली. महाराष्ट्रात पुढे एमकेसीएलचा एमएस-सीआयटी गावोगाव गेला. एकाच बाजारपेठेतली तरुण मुले कोणत्या मार्गाने गेली आणि का, याची तुलना दुसरीकडे क्वचितच इतक्या जवळून करता येईल. पण ती करायची तर मराठी संशोधकाने कन्नड रजिस्टरे वाचली पाहिजेत आणि कन्नड संशोधकाने मराठी जर्नले. एका भाषेत लिहिलेला सीमाभागाचा तांत्रिक इतिहास अर्धाच असेल, मग तो कितीही निष्ठेने लिहिलेला असो.

म्हणून पहिले यंत्र कोणाच्या घरी आले हा वाद मी दुय्यम मानतो. अधिक उपयोगाचे प्रश्न तीन आहेत: कोणत्या नावाखाली छोटे संगणक या भागात आले, त्यांच्यापर्यंत कोणाला पोहोचता आले आणि पोहोचलेल्यांनी त्यांचे काय केले. उत्तरासाठी मोठ्या संग्रहालयाची वाट पाहण्याची गरज नाही. 1998 पासून विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे; अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत एखादा प्रकल्प जुन्या यंत्राच्या नोंदणीचा असू शकतो, इतिहास विभागाचा विद्यार्थी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी त्यावर मिळून काम करू शकतात. महाविद्यालयांनी 2000 पूर्वीची डेडस्टॉक रजिस्टरे आणि प्रकल्प-अहवाल स्कॅन केल्याशिवाय निकालात काढू नयेत, एवढा एक ठराव पुरेशी सुरुवात करील. ज्या पिढीने सोळा अंकी आकडे दाबून पहिला कार्यक्रम चालवला ती आज निवृत्त झाली आहे किंवा होत आहे. तिच्या साक्षी आज घेतल्या तर रजिस्टराशी ताडून पाहता येतील. रजिस्टर भंगारात गेल्यावर घेतलेली साक्ष फक्त आठवण उरेल, आणि रजिस्टर राहून माणसे गेली तर खरेदीच्या तारखा उरतील, कसब उरणार नाही. दोन्ही एकत्र हाती असण्याची ही शेवटची काही वर्षे आहेत, आणि काम सुरू करण्यासाठी याहून वेगळे कारण लागू नये.